ज्युलियस कुणाला हाक मारतो

पापडी,
१२ जून २०२४

ती. सौ. ताईस,

नमूचा नमस्कार. झटक्यानंतर भाऊजींचा उजवा हात आता कितपत उचलला जातो ते कळव. फोनवर मी काहीही विचारलं तरी तू "हो, हो" म्हणतेस, आणि मला कळतं की तुला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. त्यापेक्षा हे पत्रच बरं. पोस्टातली मुलगी मात्र हसते. पाकिटं मागणारी गावात मी एकटीच उरले आहे म्हणे.

एक बातमी आहे. मी नोकरी धरली. माणिकपूरला पाळणाघर आहे, आपल्या बंधूअण्णांची नात कृतिका चालवते ते. तळमजल्यावर दोन खोल्या आणि पुढे जाळी लावलेला व्हरांडा. तिच्याकडची एक बाई लग्न होऊन सुरतेला गेली. कृतिका मला एका साखरपुड्यात भेटली तेव्हा रडकुंडीला आलेली होती. मी म्हटलं, दुसरी मिळेपर्यंत येते चार दिवस. मग एक दिवस मीच तिला म्हटलं, दुसरी शोधू नकोस.

ह्यांना आवडलेलं नाही. "वाडीत माणसं कामाला ठेवणारं घर आपलं, आणि तू लोकांच्या पोरांचे लंगोट बदलायला जाणार?" एवढं बोलून सोनचाफ्याच्या झाडांकडे निघून गेले. पण सकाळी स्कूटरवरून मला पापडीच्या नाक्यापर्यंत सोडतात. पुढे मी रिक्षाने जाते.

केयूर पुण्याला गेल्यापासून दुपारी घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते, ताई. पाळणाघरात घड्याळाकडे बघायला फुरसत नसते. तू रागावणार हे गृहीत धरलंच आहे, पण उत्तर पाठव.

तुझी,
नमू

*

घोलवड,
२१ जून २०२४

चि. सौ. नमूस,

आशीर्वाद. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे हसले आणि डावा हात वर केला, म्हणजे चांगलं केलंस. मी हसले नाही.

भालचंद्ररावांचं मला पटतं, पण कारण वेगळं आहे. लोक काय म्हणतील ते म्हणोत. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या बाईनं दिवसभर पोरं उचलायची, हे तुझ्या डॉक्टरला विचारलंस का? तुझं ऑपरेशन होऊन वर्षं लोटली हे मला माहीत आहे. तरी विचार.

दुसरं सांगते ते नीट ऐक. परकं मूल लळा लावतं आणि एक दिवस त्याचे आईबाप येऊन त्याला घेऊन जातात. त्यांचं ते असतंच, त्यात त्यांचं काही चुकत नाही. तू मनाने हळवी. काम कर, पण हात राखून कर.

भरवताना मुलाच्या समोर बसावं. शेजारून घास कोंबला की मूल तोंड मिटतं. पाणी आधी पाजू नये. हे आपलं सुचलं म्हणून लिहिलं.

ह्यांचा हात पूर्वीपेक्षा बरा आहे. चमचा धरतात. मला घर सोडून कुठे जाता येत नाही, एवढंच.

ताई

*

पापडी,
४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस,

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "उचला, पण बसून उचला." म्हणून आता मी जमिनीवरच बसलेली असते आणि पोरंच माझ्या अंगावर चढतात.

समोर बसून भरवण्याचं कृतिकाला सांगितलं. आता आमच्याकडे सगळ्या जणी तशाच बसतात.

एका मुलाबद्दल लिहायचं आहे. त्याचं नाव ज्युलियस. आजोबांचं नाव ठेवलं आहे, आणि चेहराही तसाच, म्हाताऱ्यासारखा गंभीर. दोन वर्षांचा. आई फ्लॅविया कुवेतला नर्स आहे. तो सहा-सात महिन्यांचा असताना तिला जावं लागलं, करार मोडता येत नव्हता. बाप क्लिफर्ड इथेच वसईच्या पूर्वेला एका कारखान्यात आहे. आतापर्यंत आजी सांभाळत होती, ती पावसाळ्याच्या तोंडावर वारली. मग क्लिफर्ड त्याला आमच्याकडे घेऊन आला.

पहिले काही दिवस ज्युलियस जाळीला धरून उभा राहायचा. रडायचाही नाही. डब्याची पिशवी खांद्यावरून काढू द्यायचा नाही, जेवायचा नाही. सगळ्या जणी त्याला गाणी म्हणून दाखवायच्या, खुळखुळे वाजवायच्या. मला वाटलं, ह्याला सारखं कुणीतरी बोलावतंय ह्याचाच वैताग आला असेल. मी त्याच्याकडे पाठ करून व्हरांड्यात बसले आणि भुईमुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळाने पाठीला काहीतरी टेकलं. त्याचं कपाळ होतं. मी हलले नाही. शेंगा संपल्या तरी टरफलंच चाळत बसले.

आता तो मऊ भात खातो, पिशवी खुंटीला लावतो आणि दुपारी माझ्या बांगड्या धरून झोपतो. क्लिफर्ड म्हणाला, "मावशी, घरी पण हसायला लागलाय." कृतिकाचा नियम आहे की एकाच मुलाला जास्त जवळ करायचं नाही. मी पाळते. बहुतेक.

नमू

*

घोलवड,
१६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. नमूस,

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचा भात कळला, पिशवी कळली, झोप कळली. तो तुला काय म्हणून हाक मारतो, तेवढं तू लिहिलं नाहीस.

ताई

*

पापडी,
१० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,

उत्तराला उशीर झाला. दिवाळीच्या गडबडीत राहिलं असं लिहिणार होते, पण तुला ते पटणार नाही.

तो मला मम्मी म्हणतो.

व्हरांड्यात पडला होता. ओठ फुटला, रक्त आलं, आणि दोन्ही हात माझ्याकडे करून तो तसं ओरडला. कृतिका तिथेच होती. म्हणाली, "मावशी, ही हाक लगेच दुरुस्त करा." मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, मी नमूआजी. तो आजी म्हणाला सुद्धा. आतल्या खोलीत त्याला थोपटताना पुन्हा मम्मी म्हणाला, तेव्हा मी काही बोलले नाही. नंतरही बोलले नाही. एकदा क्लिफर्डच्या कानावर पडलं. तो खाली वाकून ज्युलियसच्या बुटांचे पट्टे लावत राहिला.

फ्लॅविया जानेवारीत कायमची परत येते आहे. इथल्याच एका हॉस्पिटलात तिला काम मिळालं आहे. ती फोनवर दिसली की हा माझ्या मागे लपतो. ती तिकडून हाका मारत राहते, मग क्लिफर्ड म्हणतो, "झोप आलीय त्याला."

पण मला त्याची काळजी वाटत नाही. रक्ताची ओढ असतेच. आपल्या केयूरचंच बघ ना. रांगत होता तेव्हा तुझ्याकडे ठेवला. माझं दुखणं, परळचं ऑपरेशन आणि नंतरचं अंथरूण ह्यात मी एकदाही घोलवडला येऊ शकले नाही. त्याने मला ओळखण्याचं काही कारणच नव्हतं. तरी मी घ्यायला आले त्या दिवशी, फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तो "आई" म्हणत धावत आला. तू ओसरीवर उभी होतीस. अजून डोळ्यांसमोर आहे. तसंच ह्याचंही होईल. म्हणून आत्ता थोडे दिवस म्हणतो तर म्हणू दे, असं मला वाटतं. चुकतेय का मी?

नमू

*

घोलवड,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नमूस,

आशीर्वाद. चुकते आहेस.

हे मी तुला कधी सांगणार नव्हते. तुला रक्ताची ओढ वाटली तर वाटू दे, असं मी आणि ह्यांनी ठरवलं होतं. पण आता तिथे एक मूल आहे आणि त्याची आई येते आहे, म्हणून सांगते.

केयूर आला तो रांगत होता. बोलायला लागला तसा मला आई म्हणायला लागला. मला मूल नव्हतं, नमू. ती हाक कशी लागते हे मला तेव्हा कळलं. मी ओ दिली. काही दिवस ओ देत राहिले. हे बघत होते. एकदा जेवताना म्हणाले, "सावित्री, ती बिचारी तिकडे ह्याच्यासाठी जगायची धडपड करते आहे." मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला सांगायला लागले, मी माऊ. आई पापडीला. तुझ्या लग्नातला फोटो स्वयंपाकघरात त्याच्या नजरेच्या उंचीवर लावला. पहिला घास आईला दाखवायचा आणि मग खायचा. तू त्याला सोडून गेलीस तेव्हा तुझं एक हिरवं पातळ इथे राहिलं होतं. ते मी धुतलं नाही. त्यावर त्याला निजवायची.

आणि एक खेळ होता. संध्याकाळी मी ते पातळ नेसून फाटकाबाहेर जायची. हे ओसरीवरून ओरडायचे, "केयूर, आई आली." मी फाटकातून आत यायची आणि तो धावत येऊन मला बिलगायचा. मी त्याला उचलून फिरवायची. मग आत जाऊन ते पातळ सोडायची आणि पुन्हा माऊ व्हायची. एकही संध्याकाळ चुकवली नाही. ताप असला तरी.

तू आलीस तेव्हा तो धावला तो तुझ्याकडेच. त्यात खोटं काही नाही. फक्त ते धावणं त्याला अंगणात आधी शिकवलेलं होतं.

हे तुला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. मला त्याचा अभिमान आहे. मी ते काम इतकं नीट केलं की ते काम होतं असं कुणाला वाटलंही नाही.

आता तुझी पाळी. तिचा फोटो मागून घे. तिने वापरलेला एखादा कपडा माग. खेळ तुला सुचेल तो कर. पण हाक तुझी नाही, ती परत कर. जड जाईल. तरी कर.

ताई

*

पापडी,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,

तुझं पत्र मी पाळणाघराच्या व्हरांड्यात वाचायला घेतलं आणि आत जाऊन संपवलं. घरी आल्यावर ह्यांना दिलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी नाक्यावर स्कूटर थांबवली नाही, थेट माणिकपूरला पाळणाघराच्या दारात सोडलं. तेव्हापासून रोज तिथवर सोडतात.

क्लिफर्डकडे मी फोटो आणि कपडा मागितला. तो म्हणाला, "मावशी, मला वाटायचं तुम्हाला तो एवढा आवडतो म्हणून तुम्ही फ्लॅवियाचं नाव काढत नाही." मी म्हटलं, तुझं बरोबर होतं, पण आता काढणार आहे.

त्याने तिची ओढणी आणली. फोटो आम्ही भिंतीला खाली लावला. पहिल्या दिवशी ज्युलियसने तो फाडला. कृतिकाने दुसरा लावला, त्याच्यावर त्याने भात थापला. मग मी फ्लॅवियाला निरोप पाठवला की तुमच्या घरच्या बोलीत लहानपणी जे गाणं ऐकलं असेल ते म्हणून पाठव. तिने ड्युटी संपल्यावर खोलीत बसून म्हटलं असावं, मागे कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता. दुपारी सगळी मुलं झोपताना आम्ही ते लावायचो. आणि तो मम्मी म्हणाला की मी म्हणायची, "मम्मी कुवेतला. मी नमूआजी." तो चिडायचा. एकदा चावला. नाताळाच्या आधी एकदा गाणं लागलं नाही तर स्वतःच फोनकडे बोट दाखवून म्हणाला, "मम्मी." मला वाटलं, जिंकलं.

पण तुझ्यासारखं झालं नाही, ताई.

जानेवारीत ती आली. क्लिफर्ड तिला विमानतळावरून सरळ आमच्याकडेच घेऊन आला. ती दारात गुडघ्यांवर बसली, हात पसरले. ज्युलियसने तिच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि माझ्या मागे येऊन लपला. माझ्या निऱ्या धरून म्हणाला, "मम्मी, घरी." मलाच म्हणाला. फ्लॅवियाने ऐकलं. ती उठली, त्याला उचललं आणि निघाली. तो सगळा रस्ता ओरडत गेला. गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

मग ती त्याला पाठवेचना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी कृतिकाला म्हटलं, मला आता जमणार नाही, दुसरी बाई बघ. ती म्हणाली, "बघते. तोवर ह्या बाळाचं नाक पुसा."

एका दुपारी मुलं झोपलेली असताना फ्लॅविया एकटी आली. बसली नाही.

"तुम्ही त्याला काय शिकवलंत?" तिने विचारलं. "मी तिकडे परक्या माणसांना भरवत होते, त्यांचं सगळं करत होते, ह्याच्यासाठी. आणि हा जेवताना तुम्हाला शोधतो. माझ्या हातचं खात नाही."

मी म्हटलं, "तो मला मम्मी म्हणाला तेव्हा मी सुरुवातीला थांबवलं नाही. तेवढं माझं चुकलं. नंतर थांबवलं."

"का थांबवलंत?"

मग मी तिला तुझं सांगितलं. हिरवं पातळ, फाटक, सगळं. ती कधी खाली बसली ते मला कळलं नाही. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "तुमचा मुलगा निघून गेल्यावर तुमच्या ताईंनी काय केलं?"

मला ते ठाऊक नव्हतं.

तिची नोकरी मार्चपासून आहे. कृतिकाने तिला सांगितलं की तोवर रोज सकाळी ह्याला घेऊन या आणि इथेच बसा. ती यायला लागली. ज्युलियस आला की मी आतल्या खोलीत लहानांकडे जायची. तो दार वाजवायचा. मी बाहेर यायची नाही. ते दार बंद ठेवणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं. फ्लॅविया त्याच्या मागे लागली नाही, ती बाकीच्या मुलांत रमली. कुणाचं खरचटलेलं धुवायची, कुणाला भरवायची. सगळी तिच्याभोवती.

मागच्या मंगळवारी ती एका मुलीला मांडीवर घेऊन वेणी घालत होती. ज्युलियस बराच वेळ बघत उभा होता. मग आला, त्या मुलीचा फ्रॉक धरून तिला खाली ओढलं आणि स्वतः मांडीवर चढून बसला. म्हणाला, "माझी मम्मी."

मुलगी रडायला लागली. फ्लॅवियाही. मी दाराच्या फटीतून बघत होते. कृतिका मला म्हणाली, "मावशी, आता बाहेर या." मी गेले. त्याने मला पाहिलं, "आजी" म्हणाला आणि मांडी काही सोडली नाही.

दुसरी बाई बघू नकोस असं मी कृतिकाला सांगितलं. ती म्हणाली, तिने पाहिलीच नव्हती.

आणखी एक. केयूर मागच्या रविवारी आला होता. तुझं पत्र मी त्याला वाचायला दिलं. तुला न विचारता दिलं. राग आला तर लिही, मी ऐकून घेईन.

नमू

*

घोलवड,
१७ मार्च २०२५

चि. सौ. नमूस,

आशीर्वाद. राग आला होता. शनिवारी गेला.

शनिवारी सकाळी मी ह्यांची दाढी करत होते, तर अंगणात गाडी थांबली. केयूर एकटाच. न कळवता. मी म्हटलं, काही झालंय का? त्याने मान हलवली, माझ्या हातातून ब्रश घेतला आणि ह्यांची दाढी त्याने केली. छान केली. ह्यांनी आरशात दोनदा पाहिलं.

जेवण झाल्यावर माझ्या बऱ्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढून बसला. ओरडून बोलावं लागतं म्हणून लोक माझ्याशी कामापुरतंच बोलतात. हा ओरडतच बोलला. शेजारच्या बाईंनीही ऐकलं असेल.

म्हणाला, "मावशी, मला इथलं काहीच आठवत नाही. खूप प्रयत्न केला."

मी म्हटलं, "आठवणार कसं? तेवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं."

फ्लॅवियाने तुला विचारलं तेच तो विचारेल असं मला वाटलं, की मी गेल्यावर तू काय केलंस. त्याचं उत्तर मी मनात जुळवत होते. चिकूच्या बागेत जाऊन काम केलं, असं सांगणार होते. ते खरंही आहे. पण त्याने ते विचारलं नाही. म्हणाला, "मग तूच सांग. मी कसा होतो?"

नमू, ती दोन वर्षं माझ्याजवळ आहेत, पण ती कुणी मला मागितली नव्हती. तुझी हळहळ नको म्हणून मी तुझ्यापाशी काढली नाहीत, आणि ह्यांना ती माहीतच होती.

मी सांगायला लागले. आला त्या दिवशी ओसरीवरच्या उन्हाच्या कवडशावर हात मारत बसला होता, तो हातात येईना म्हणून चिडला होता. रांगत रांगत कोंबडीच्या मागे जायचा आणि कोंबडीने वळून पाहिलं की भोकाड पसरायचा. पिकलेला चिकू कपाळापर्यंत माखून घ्यायचा. पहिला दात आला तो ह्यांच्या बोटाला लागला तेव्हा आम्हाला कळलं. मधेच ह्यांनी डावा हात हलवून मला थांबवलं. बोट त्यांचं नव्हतं म्हणे, गड्याचं होतं. त्यावर आमचा वाद झाला. केयूर हसत होता. किती वर्षांनी ह्या घरात कुणीतरी एवढं मोठ्याने हसलं.

दिवस कलला तरी मी बोलतच होते. चहा ठेवायचाही राहिला. घसा बसला म्हणून जरा थांबले, तर त्याला वाटलं संपलं. त्याने विचारलं, "एवढंच?"

मी म्हटलं, "बस खाली. अजून तर तू चालायलाही लागला नाहीस."

ताई